पाटीलबाईंचं कडबोळं

पाटीलबाई स्टाफरूमच्या दारात दिसल्या की आम्ही सगळे प्राध्यापक एकाएकी फार अभ्यासू होत असू. कोणी पेपरांचा गठ्ठा पुढे ओढायचं, कोणी बंद फोन कानाला लावून गंभीरपणे मान हलवायचं. आमचे फिजिक्सचे सर तर सरळ डोळे मिटून ध्यानाला बसायचे, आणि हा माणूस एरवी नास्तिक म्हणून सगळ्यांशी भांडायचा. कारण बाई दारातूनच विचारणार, "आत्ता मोकळं कोण आहे?" त्यांच्या त्या 'आत्ता'मधून सुटका नव्हती.

मी सापडलो तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. अलिबागहून मुरूडकडे जाताना नारळी-पोफळीच्या वाड्या मागे पडतात, तिथल्या टेकाडावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मी तिथे कम्युनिकेशन स्किल्स शिकवतो, म्हणजे ज्या मुलांना मशीनशी बोलता येतं त्यांना माणसांशी बोलायला शिकवतो. उरलेल्या वेळात गॅदरिंगची नाटकं बसवतो. खरं सांगायचं तर उलटं आहे, पण पगारपत्रकावर असंच लिहिलेलं आहे.

"तुम्ही मोकळे आहात," बाई म्हणाल्या.

"नाही हो, पेपर तपासतोय."

"पेनाला टोपण आहे."

मी निमूटपणे उठलो. खाली टेम्पोतून जुने कॉम्प्युटर आले होते आणि ते तिसऱ्या मजल्यावर चढवायचे होते. मी बाह्या सरसावल्या. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "तुम्ही उचलू नका, कंबर धरून बसाल. तुम्ही बोला. वॉचमन लिफ्टची चावी देत नाहीये. तुमच्याकडे आवाज आहे, तो वापरा." मी आवाज वापरला. चावी मिळाली, वर चहाही मिळाला. फिजिक्सच्या सरांचा देह भला थोरला. त्यांना बाईंनी लिफ्टसमोर नुसतं उभं केलं. ते तिथे असताना दुसरं कोणी लिफ्टमध्ये घुसूच शकत नव्हतं. अर्ध्या तासात सगळं सामान वर. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण योग्य माणसाच्या हाताखाली आहोत. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांना बघून फोन कानाला लावू लागलो, ती गोष्ट वेगळी.

रंजना पाटील हे त्यांचं नाव. धरमतर खाडीच्या काठच्या एका आगरी गावातल्या. आजोबांचं मिठागर, वडिलांची भातशेती, आणि ह्यांची कॉम्प्युटरमधली डॉक्टरेट. बांधा बुटका, चाल ST पकडायला निघाल्यासारखी, आणि हसणं असं की खालच्या मजल्यावरची परीक्षा थांबावी. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण राग आला की गावाकडची बोली बाहेर यायची. एका पोरानं दुसऱ्याचा प्रोजेक्ट उतरवून आणला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "बाला, तू मना येडी समजतंस काय रं?" पोरगा मुंबईचा. त्याला शब्द कळले नाहीत, अर्थ मात्र पुरेपूर कळला.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली खोली त्यांची. तिथे जगभराचे टाकाऊ कॉम्प्युटर एकमेकांना वायरींनी जोडलेले होते. एक ठाण्याच्या बंद पडलेल्या कंपनीतला, एक आमच्याच ऑफिसात फीच्या पावत्या छापून म्हातारा झालेला, एक कुणा माजी विद्यार्थ्यानं गेम खेळून खेळून कंटाळून दिलेला. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, एकाची चाल दुसऱ्याला जुळत नाही. बाई त्याला 'कडबोळं' म्हणायच्या आणि त्या कडबोळ्याकडून एका मोठ्या यंत्राचं काम करून घ्यायच्या. हेच त्यांचं संशोधन. वेगवेगळ्या कुवतीच्या यंत्रांमध्ये काम वाटायचं कसं, आणि तेही काम चालू असताना.

मशीनना नावं होती. गेमवाला तो भीमा. एकच गोष्ट लाखो वेळा करायला सांगा, हूं की चूं करणार नाही, पण 'हे की ते' असा प्रश्न घातला की गोंधळून जायचा. पावत्यांवाला तो कारकून. हळू, पण विचारी. "भीमाला विचार करायला सांगायचं नाही, कारकुनाला ओझं द्यायचं नाही," बाई म्हणायच्या. "एवढं कळलं की माझा अर्धा प्रबंध कळला."

उरलेला अर्धा त्यांनी मला काशीदजवळच्या एका खानावळीत समजावला. खानावळ त्यांच्या वहिनींची. रविवार होता आणि पर्यटकांच्या गाड्या येऊन थडकत होत्या. आत एक बाई भाकऱ्या थापत होती, एक मासे तळत होती, एक नुसती वाढत होती, आणि वहिनी मध्ये उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती.

"सकाळीच ठरवून टाकलं असतं, की ही इतक्या भाकऱ्या करेल आणि ती इतके तुकडे तळेल, तर?" बाईंनी विचारलं.

"तर शिस्त लागली असती," मी म्हणालो.

"तर बस भरून शाकाहारी मंडळी आली असती आणि तळणारी बसून राहिली असती. वाटणी आधी करायची नाही. वाहता वाहता करायची. कोण आत्ता मोकळं आहे, कोणाला काय जमतं, आणि कोणतं काम अडलं तर बाकीचं अडेल, ही तीन गाणी डोक्यात एकदम वाजली पाहिजेत. माझी वहिनी ते करते. मी तेच मशीनला शिकवते."

"आणि ओरडणं?"

"ते मशीनला नाही जमत अजून," बाई खऱ्याखुऱ्या खेदानं म्हणाल्या आणि माझ्या ताटातला बांगडा उचलून स्वतःच्या ताटात घेतला. मी बोलण्यात गुंतलो होतो आणि त्या मोकळ्या होत्या.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा एका शब्दावर भयंकर राग होता. 'झालं.' आपल्याकडे हा शब्द काम संपल्यावर वापरत नाहीत, काम सांगणारा माणूस समोरून जावा म्हणून वापरतात. त्याचा थोरला भाऊ म्हणजे 'झालंच समजा.' ऑफिसातल्या क्लार्कनं एकदा बाईंना म्हटलं, "मॅडम, तुमची फाईल ना? झालंच समजा." बाई त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. "मी कशाला समजू? समजायचं काम माझं नाही. झालं म्हणजे काय झालं ते दाखवा." फाईल खरोखर होईपर्यंत उठल्या नाहीत. मशीनवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास. "मशीन खोटं बोलत नाही. ते झालं म्हणालं की झालं." हा विश्वास त्यांना कसा नडला, तीच तर गोष्ट.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हे ट्रकच्या धंद्यातून वर आलेले, मनानं मोकळे, पण सगळं एकसारखं दिसलं पाहिजे अशी आवड असलेले गृहस्थ. ॲडमिशनच्या आधी त्यांना आठवलं, की पालकांना फिरवताना तिसऱ्या मजल्यावरचा तो वायरींचा गुंता दाखवावा लागतो. "मॅडम, ते तुमचं भंगार काढू या. तिथे एका रांगेत सगळे सेम टू सेम कॉम्प्युटर लावू. फोटो मस्त येईल."

बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला बघितला. दहा वर्षांचं काम त्या खोलीत होतं. पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "भाऊसाहेब, एक संधी द्या. कडबोळ्यानं एक खरं काम करून दाखवलं तर ठेवा. नाहीतर माझ्या हातानं टेम्पोत भरते."

खरं काम त्यांच्याच गावचं होतं. खाडीकाठच्या शेतांना समुद्राच्या पाण्यापासून वाचवायला मातीचा लांबलचक बांध असतो. त्यांच्या गावच्या बांधाला दोन ठिकाणी दुखणं होतं. एका जागी मोठी खांड पडली होती, म्हणजे बांधच फुटून वाट झाली होती, आणि दुसऱ्या टोकाला उघाडी सैल झाली होती. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची झडप. पावसाळ्यापूर्वी दगड-माती पुरणार होती एकाच जागेला. सगळं गाव म्हणत होतं, खांड बुजवा. ती लांबूनही दिसते. बाई म्हणाल्या, अंदाज नको. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाचं पाणी कुठून शिरेल, कुठल्या शेतात किती चढेल, ते कडबोळं मोजून सांगेल.

भाऊसाहेबांनाही उत्साह चढला. त्यांनी स्वतःच्या पैशानं एक कोरा करकरीत कॉम्प्युटर कडबोळ्यात बसवायला पाठवला. त्याला हार घालून फोटो काढला. बाईंनी त्याला पंख्याखालची सगळ्यात चांगली जागा दिली आणि नाव ठेवलं, जावई.

ठरलेल्या दिवशी खोलीत गर्दी झाली. भाऊसाहेब आले. त्यांच्यामागे संस्थेचे कार्यकारी संचालक आले, म्हणजे भाऊसाहेबांचे खरे जावई. ते मोबाइलमध्ये बघत होते. गावाकडून बाईंचे चुलते नामाकाका आले, सोबत गावची चार मंडळी. मोजमापं मशीनमध्ये भरलेली होती. भिंतीवर पडदा होता, आणि कोणतं मशीन काय करतंय ते त्यावर रंगांत दिसत होतं. मी सूत्रसंचालन करत होतो, कारण मला न सांगताही मी ते केलंच असतं.

बाईंनी काम सुरू केलं आणि पडद्यावर एक चमत्कार दिसला. सगळी कामं धावत धावत जावयाकडे जाऊ लागली. भीमा बसून. कारकून बसून. जावयाचा रकाना मात्र हिरवागार, काम आलं की झालं, आलं की झालं.

"बघा," भाऊसाहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले. "आपलं एकटं मशीन सगळा लोड ओढतंय. बाकीचे नुसते बसलेत. मी काय बोललो होतो?"

चहा यायच्या आत नकाशा तयार. गावाची सगळी शेतं हिरवी, कोरडी ठणठणीत. बांध नीट करा, नका करू, थेंबभर पाणी कुठे शिरत नाही. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नामाकाका मात्र पडद्याजवळ गेले आणि त्याला नाक लावून बघू लागले. "रंजे," ते म्हणाले, "गेल्या उधानाला माजे वट्यावर कोलबी उऱ्या मारत व्हती. न तुजा कंप्युटर सांगतंय गाव सुका?"

गावची मंडळी खुसखुसली. कोणीतरी म्हणालं, "कोलबीला इचारा, ती सुक्यावर आलती काय." बाई पुढे झाल्या आणि जावयाच्या हिरव्या रकान्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

प्रकार असा होता. खाऱ्या हवेनं म्हणा किंवा येतानाच्या धक्क्यानं म्हणा, जावयाच्या आत काहीतरी बिघडलं होतं. त्याला हिशेबच करता येत नव्हता. काम हातात आलं की तो ते न करता पाण्याच्या जागी शून्य लिहून तत्काळ 'झालं' म्हणायचा. कडबोळ्याला वाटायचं, काय तडफदार गडी आहे, हा तर पुन्हा मोकळा. की पुढचं काम त्यालाच. प्रामाणिकपणे राबणारे भीमा आणि कारकून मागे बसले, कारण खरं काम करायला वेळ लागतो. ज्या बाईंनी उभ्या जन्मात कुणा माणसाचं 'झालं' ऐकून घेतलं नाही, त्यांच्याच मशीनला 'झालंच समजा'नं गंडवलं होतं.

आता हे सांगायचं कोणाला? ज्यांच्या एका शब्दावर खोली राहणार की जाणार, त्यांनाच. आणि सांगायचं काय? की तुम्ही हार घालून दिलेलं मशीनच तेवढं बिनकामाचं आहे. बाई माझ्याकडे बघतील, 'तुम्ही बोला' म्हणतील, अशी भीती वाटली. पण त्या स्वतःच वळल्या आणि दोन्ही हात जोडले.

"भाऊसाहेब, चूक आमची आहे. जावई घरी आला आणि आम्ही त्याला काम सांगितलं. कुठल्या घरात असं करतात? तो बिचारा मान राखायला नुसतं 'झालं, झालं' म्हणतोय. त्याला आता बसवू या, पंखा लावू या, आणि घरची माणसं कामाला लावू या."

भाऊसाहेबांनी पडद्याकडे बघितलं, कोऱ्या मशीनकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वळवून आपल्या खऱ्या जावयांकडे बघितलं. ते अजून मोबाइलमध्येच होते.

"ते मात्र खरं आहे," भाऊसाहेब म्हणाले.

त्यानंतर जे हसू फुटलं त्यात नामाकाकांचा चहा सांडला. जावयांनी वर बघून विचारलं, "काय झालं?" आणि बाई म्हणाल्या, "झालं नाही अजून, आता होईल."

त्यांनी तिथल्या तिथे कडबोळ्याला नवा नियम शिकवला. प्रत्येक कामासोबत एक छोटं गणित द्यायचं, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. ते बरोबर आलं तरच त्याचं 'झालं' खरं मानायचं. जावई पहिल्याच गणिताला नापास झाला आणि त्याच्याकडे काम जायचं थांबलं. मग भीमा धडधडू लागला, कारकून खुरडत चालू लागला, ठाण्याच्या मशीनचा पंखा ST च्या इंजिनासारखा गुरगुरला. कोणी अडलं की त्याचं काम दुसरा उचलायचा. त्यात दुपार गेली. भाऊसाहेब तीन मीटिंगा सोडून खुर्चीत बसून राहिले, क्रिकेटची मॅच बघावी तसे. "अरे, कारकून मागे पडला. भीमा, घे, घे त्याचं."

उन्हं कलताना नकाशा आला. सगळे समजत होते त्याच्या अगदी उलट. खांडीतून पाणी धो धो येणार, पण तिच्यामागची जमीन उंच, त्यामुळे ते एका कोपऱ्यात भरून थांबणार. उघाडी मात्र सैल राहिली तर तिच्यातून गुपचूप शिरून सगळं गाव खारं करणार. दगड लावायचे ते उघाडीला.

"आन् ह्यो निला कोपरा कोनाचा?" नामाकाकांनी विचारलं.

"आपला, काका."

"म्हंजे सगल्या गावाचा सोरून तू आपलाच शेत बुरवतंस?"

"मी नाही, नकाशा. त्या कोपऱ्यात या वर्षी लावणी करू नका."

भाऊसाहेब उठले. "मॅडम, नकाशा सुंदर आहे. पण मघाचाही सुंदरच होता. उधाणाला मी स्वतः येतो. पाणी त्या कोपऱ्यात थांबलं तर कडबोळं राहील. नाही थांबलं तर भंगारासाठी ट्रक माझाच पाठवतो." बाईंनी मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "माणूस बरा आहे. 'झालं' ऐकून घेत नाही."

गावानं कुरकुरत उघाडी दुरुस्त केली. नामाकाकांनी कोपरा रिकामा ठेवला आणि पूर्ण आषाढभर टोमणे खाल्ले. "काका, तिथं कंप्युटर पेरताव काय?" काका म्हणायचे, "व्हय, तुज्या शेतापेक्षा बरा उगवंल."

उधाणाच्या दिवशी भर दुपारी आम्ही सगळे बांधावर होतो. भाऊसाहेब पांढऱ्या बुटांत, मी छत्री सांभाळत, बाई रबरी चपला घालून. खाडी फुगत फुगत वर आली आणि खांडीतून पाणी असं घुसलं, की माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांवर पदर घेतला. तपकिरी लोट आत कोसळत होते. कोणीतरी ओरडलं, "गेला, सगला गेला." भाऊसाहेबांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, ट्रकलाच लावणार.

बाई हलल्या नाहीत. कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. पाण्यानं कोपरा भरला, कडेच्या गवताला जीभ लावली, जरा पुढे सरकावं की नाही असा विचार केला, आणि थांबलं. पलीकडची भाताची रोपं वाऱ्यावर तशीच डुलत होती. उघाडीकडून एक माणूस हात हलवत पळत आला. तिकडून थेंब नाही.

"भरला," नामाकाका ओरडले. "माजाच शेत भरला." स्वतःच्या शेतात खारं पाणी शिरलं म्हणून नाचणारा माणूस मी तेवढाच बघितला. शेजारच्या शेताचा मालक त्यांच्या नावाचा जयजयकार करत होता, कारण त्याचं शेत वाचलं होतं.

भाऊसाहेबांनी फोन खिशात ठेवला. "ठेवा तुमचं कडबोळं," ते म्हणाले. "आणि पालकांना आधी तिथेच न्या. सेम टू सेम काय, सगळीकडेच असतंय."

बाई चपला काढून बांधावरून खाली उतरल्या होत्या आणि साडी खोचून त्या भरलेल्या कोपऱ्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या. "फोटो काढा," मला म्हणाल्या. "चेहरा नको. पाय घ्या, म्हणजे पाणी किती आहे ते दिसेल."

आता बाई निवृत्त होऊन गावी राहतात. कडबोळं चालू आहे. त्या कामावरचा त्यांचा संशोधन-लेख परदेशातल्या एका जाडजूड नियतकालिकात छापून आला. त्यात पानोपानी आलेख आहेत, मला न कळणारी समीकरणं आहेत, आणि शेवटून दुसऱ्या पानावर मी काढलेला फोटो आहे. गढूळ पाण्यात घोट्यापर्यंत बुडालेले दोन बुटके पाय, वर खोचलेल्या साडीचा काठ. खाली इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच, की निष्कर्ष प्रत्यक्ष जागेवर तपासून पाहिला.